बोट विकायची असेल तर आधी तिचं बंदर शोधा

गेल्या वर्षी शिमग्यानंतर आमची मासेमारीची बोट विकली गेली. चांगल्या माणसांकडे गेली, पण त्याआधीची पावणेदोन वर्षं आम्ही नुसते चुकीच्या दारात उभे होतो. गेल्या महिन्याभरात तीन जणांचे फोन आले, तुमची कुठे विकली, भाव किती आला, कुणाचा नंबर आहे का. प्रत्येकाला फोनवर अर्धा अर्धा तास सांगितलं, म्हणून आता एकदाच सगळं लिहून टाकतो.

आमची बोट रत्नागिरी जिल्ह्यातल्या हर्णैची, लाकडी, बेचाळीस फुटी, चार सिलेंडर इंजिन, गिलनेटची (म्हणजे पाण्यात भिंतीसारखं उभं सोडायचं जाळं, मासा त्याच्या डोळ्यात अडकतो). २००९ ला बांधलेली आणि २०१८ ला बाहेरून फायबर मारून घेतलेलं. बाबांचे गुडघे गेले, मी पनवेलला नोकरीला, धाकटा भाऊ मुंबईत. खलाशी मिळवायचे, त्यांना आगाऊ पैसे द्यायचे, बर्फ, डिझेल, आणि दर पावसाळ्यात बोट ओढून शाकारायची म्हणजे पुन्हा खर्च. घरात कोणी तांडेल, म्हणजे बोट चालवणारा, राहिला नाही तर हा धंदा परक्याच्या भरवशावर होत नाही हे आम्हाला मान्य करावं लागलं.

पहिलं काय केलं तर ऑनलाइन जाहिरात टाकली. चार चांगले फोटो, चौदा लाख. पहिल्या आठवड्यात चाळीसेक फोन आले आणि आम्हाला वाटलं झालंच काम. त्यातले निम्मे नुसतं चौकशी करणारे, काही जणांना फार्महाऊसवर शोभेला बोट हवी होती, एकाने तर न बघता टोकन पाठवतो म्हणून क्यूआर कोड स्कॅन करायला सांगितलं (पैसे घेण्यासाठी कोड स्कॅन करावा लागत नाही हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आजच सांगून ठेवा). काहींना पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला हवी होती. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं, मुरुड-हर्णैला तो धंदा चालतो, पण मासेमारीची नोंदणी असलेल्या बोटीत तसे प्रवासी बसवता येत नाहीत, त्याला सागरी मंडळाचा सर्वे, वेगळी नोंदणी, बोटीत बदल, आणि हे ऐकलं की समोरचा म्हणायचा मग तो खर्च किमतीतून वजा करा. म्हणजे त्याला बोट नको होती, नुसतं लाकूड आणि इंजिन हवं होतं.

आता मुख्य गोष्ट, जी आम्हाला फार उशिरा कळली. गाडी पुण्याची असो की नागपूरची, रस्ता सारखाच असतो. बोटीचं तसं नाही. बोट ज्या पाण्यासाठी आणि ज्या जाळ्यासाठी बांधलेली असते तिथेच तिला किंमत असते. उत्तरेला वसई, सातपाटीकडे भरती-ओहोटीचा जोर मोठा, पाण्याला ओढ असते म्हणून तिथे डोल चालते, जाळं खुंटाला बांधून ठेवायचं आणि प्रवाहच मासे आत आणून टाकतो. आपल्याकडून जसं खाली मालवणाकडे जाल तशी ती ओढ कमी होते, तिथे डोलीला अर्थ राहत नाही. त्यामुळे बोटीची घडण पण वेगळी, सातपाटीची वेगळी, वसईची वेगळी, रत्नागिरीकडचा मचवा वेगळा. आम्ही सातपाटीला एका ओळखीच्यांना विचारलं होतं, तिथे पापलेटचं गिलनेट जोरात आहे म्हणून आशा होती. त्यांनी व्हिडिओ कॉलवर नाळेकडून मागेपर्यंत बोट बघितली आणि सरळ सांगितलं, "दादा, बोट चांगली आहे पण आमच्या कामाची नाही. आमची खाडी गाळाने भरलीय, पाणी चढायची वाट बघत बोट आत घ्यावी लागते, ही बसेल गाळात." त्या माणसाचे मी आजही आभार मानतो, कारण त्याने एका मिनिटात सांगितलं ते बाकीच्यांनी सहा महिन्यात सांगितलं नव्हतं.

मग एक दलाल आला. नाव घेत नाही. तो म्हणाला परराज्यात गिऱ्हाईक आहे, सहा लाख रोख, आजच्या आज. परराज्यात विकायची तर इथली नोंदणी रद्द करून ना हरकत दाखला घ्यावा लागतो, तिथे पुन्हा नोंदणी होते, बोटीचा रंगसुद्धा त्या राज्याच्या नियमाप्रमाणे बदलतो. हा म्हणत होता की ते सगळं मागून बघू, आत्ता शंभर रुपयाच्या स्टॅम्पवर सही करा. बाबा जवळजवळ तयार झाले होते. मी नाही म्हटलं.

का ते सांगतो. २००८ च्या नोव्हेंबरमध्ये मुंबईत अतिरेकी आले ते कुबेर नावाची पोरबंदरची मच्छीमार बोट पळवून आले होते. त्यानंतर किनाऱ्यावर बोटीचा नंबर, रंग, खलाशांची ओळखपत्रं हे सगळं कडक झालं आणि ते बरोबरच झालं. आता विचार करा, तुमच्या नावावरची बोट दुसऱ्याच राज्यात कोणीतरी चालवतोय, उद्या तिच्यावर डिझेलची चोरटी वाहतूक सापडली, किंवा पावसाळ्यातल्या मासेमारी बंदीच्या काळात पकडली, किंवा ती हद्द ओलांडून पलीकडे गेली, तर पोलिस पहिले कुणाच्या दारात येणार? कागदावर ज्याचं नाव त्याच्या. स्टॅम्पपेपर दाखवून सुटका होईल ह्या भरवशावर कोणी राहू नये. मी तरी म्हणतो, नावावर होत नाही तोपर्यंत बोट बंदरातून हलू द्यायची नाही, भाव कितीही येऊ दे.

अजून एक गिऱ्हाईक आलं होतं, पैसे चांगले देत होतं, साडेबारा लाख. बोट बघताना सारखं विचारायला लागले की जनरेटर कुठे बसेल, किती वजन झेपेल. तेव्हाच लक्षात आलं. जनरेटरवर मोठे एलईडी दिवे लावून, उजेडाने मासे गोळा करून मासेमारी करायला केंद्र सरकारने २०१७ लाच बंदी घातलीय पण रात्री समुद्रात बघाल तर गाव वसल्यासारखे दिवे दिसतात. ह्याच प्रकारामुळे आमच्यासारख्या गिलनेटवाल्यांची जाळी मोकळी यायला लागली. बाबांनी त्यांना चहा पाजला आणि बोट द्यायची नाही म्हणून सांगितलं. घरात त्यावरून भांडण झालं, भाऊ म्हणाला विकल्यावर त्यांनी काहीही करू दे, आपल्याला काय. मला तेव्हा भावाचं पटलं होतं हे खरं आहे, आज नाही पटत.

शेवटचा मार्ग म्हणजे तोडून विकणं. इंजिन वेगळं, गिअरबॉक्स वेगळा, पंखा आणि शाफ्ट वजनावर, लाकूड सरपणाला. सगळा हिशोब तीन लाखाच्या आत. चालती बोट तोडू नका एवढंच सांगतो, त्यावर जास्त लिहवत नाही.

वेळेबद्दल मात्र नीट ऐका, कारण आमचं पहिलं वर्ष इथेच वाया गेलं. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी, मग लोकांना वाटतं जूनमध्ये बोट रिकामी आहे, निवांत विकू. पण तेव्हा ती किनाऱ्यावर, ताडपत्रीखाली. गिऱ्हाईक काय बघणार? इंजिन लोडवर चालवता येत नाही, पाणी किती झिरपतं ते कळत नाही, आणि त्याला माहीत असतं की तुमचा सीझन संपलाय, पैशाची नड आहे, तो पाडूनच मागणार. आणि पावसात लाकडी बोट नुसती पडून राहिली की उन्हा-पाण्याने फळ्या अजूनच उघडतात. खरं गिऱ्हाईक मिळतं ते शिमग्याला. सगळ्या बोटी बंदरात, सगळे पाहुणे घरी, कोणाच्या मुलाला नवीन बोट घ्यायचीय, कोणाचं इंजिन बसलंय हे सगळं त्या आठ दिवसात कळतं. आणि बोट पाण्यात असते, चालती असते.

आमचं तसंच झालं. श्रीवर्धनच्या जीवना बंदरातले दोघं मेव्हणे मेव्हणे, तेही गिलनेटवाले. त्यांनी आमची बोट समुद्रात अनेकदा बघितलेली, बाबांना वायरलेसवरच्या आवाजावरून ओळखणारे. जाहिरात त्यांनी कधी बघितलीच नव्हती, माझ्या मामाकडे हळदीला आले होते तिथे विषय निघाला. आले आणि म्हणाले, "नाखवा, भाव मागून बोलू, आधी एक ट्रिप मारू." सकाळी थंड इंजिन स्वतः चालू केलं, धुराचा रंग बघितला (निळा असला तर ऑइल जळतंय), रात्रभर समुद्रात राहिले, पंप किती वेळा मारावा लागतो ते मोजलं. फायबरवर मात्र त्यांचा विश्वास नव्हता. लाकडी बोटीला वरून फायबर मारलं की दिसायला नवीन दिसते पण आत लाकूड कुजलंय का कळत नाही. आमचं नशीब की २०१८ ला काम करताना बाबांनी उघड्या फळ्यांचे, बदललेल्या लाकडाचे फोटो काढून ठेवले होते, सुताराची बिलं पण होती. ते बघितल्यावर आतून हातोडीने ठोकून बघितलं आणि त्यांचा जीव भांड्यात पडला.

सव्वादहा लाख. जाळी वेगळी. चौदा मागितले होते, पण ते आम्ही मनाने ठरवलेले होते, त्याला काही आधार नव्हता.

कागदाला अडीच महिने गेले. बोट अजून आजोबांच्या नावावर असेल तर आजच वारसांच्या सह्या गोळा करायला लागा, आत्यांच्या पण. जुनं कर्ज फिटलं असलं तरी बोटीवरचा बोजा कागदावर उतरलाय का बघा, आमचा उतरला नव्हता, बँकेत चार फेऱ्या झाल्या. मच्छीमार सोसायटीचा येणे-बाकी नसल्याचा दाखला, परवान्याचं नूतनीकरण, विमा. डिझेलचा कोटा आणि व्हॅटचा परतावा सोसायटीमार्फत येतो, त्यामुळे घेणारा कुठल्या सोसायटीचा सभासद आहे हे आधीच विचारा, नाहीतर बोट त्याची आणि कोटा अडकलेला. घेणारा जाणकार असेल तर तो बोटीआधी कागद मागतो. पर्ससीनचं (माशांच्या थव्याला वेढा घालून ओढायचं मोठं जाळं) तर उघडच आहे, २०१६ पासून त्या परवान्यांवर मर्यादा आलीय, तिथे बोटीपेक्षा परवान्याचाच भाव होतो.

मला एका गोष्टीचं फार वाईट वाटतं. हर्णैला रोज वाळूवर लिलाव होतो, पापलेटची टोपली कितीला गेली हे शेजारी उभ्या पोरालाही कळतं. सगळं उघड्यावर. आणि जी बोट ते मासे आणते, जिच्यात घरातल्या बायकांचे दागिने घातलेले असतात, ती मात्र दलालाच्या कानात कुजबुजून विकली जाते. प्रत्येक सोसायटीने एक साधी वही ठेवावी. कुठली बोट विकायचीय, कुठल्या जाळ्याची, किती साली बांधलेली, इंजिन कधी उघडलं, परवाना कुठला, कर्ज आहे का. आणि शेजारच्या बंदरांच्या सोसायट्यांना त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवावा. जीवना बंदर आमच्यापासून काही लांब नाही हो, समुद्रातून तर अगदी जवळ. पावणेदोन वर्षं आमचं गिऱ्हाईक तिथे बसलेलं होतं आणि आम्ही चाळीस अनोळखी लोकांना फोटो पाठवत होतो. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींशी बोललोय, ते तयार आहेत, दाभोळ आणि बुरोंडीकडचं कोणी वाचत असेल तर तुमच्या सोसायटीत विषय काढा.

सुरुवात मीच करतो. आत्याच्या मुलाची बोट द्यायचीय. फायबर, अठ्ठावीस फुटी, दोन सिलेंडर, जवळच्या पाण्यातल्या गिलनेटची, त्याच्या स्वतःच्या नावावर, कर्ज नाही, परवाना चालू. इंजिन दिवाळीत उघडलं होतं, बिल आहे. डाव्या बाजूला धक्क्याला घासून एक जागा दुरुस्त केलीय, ती आम्ही स्वतः दाखवू. पर्यटनाला घ्यायची असेल तर कृपया फोन करू नका. शिमग्यापर्यंत पाण्यात आहे, एक रात्र काढायच्या तयारीने या.