साथीच्या काळात सहकुटुंब गड कसा चढावा

पुढची साथ केव्हा येईल हे कोणालाच सांगता येत नसले, तरी ती आली की पहिल्या दोन आठवड्यांत घरातली माणसे भिंतींना कंटाळतील आणि तिसऱ्या आठवड्यात कोणीतरी म्हणेल, "चला, मुलांना जरा मोकळ्या हवेत नेऊ," एवढे खात्रीने सांगता येते. त्या वेळी ऐनवेळची धांदल उडू नये, म्हणून साताऱ्यातील आणि साताऱ्यात सासर, माहेर अथवा बंद पडलेला फ्लॅट असणाऱ्या सुजाण पालकांसाठी हे मार्गदर्शन लिहून ठेवीत आहे. करोनाच्या २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत साताऱ्याच्या अजिंक्यतारा गडाच्या वाटेवर पालकवर्गाने जी प्रतिभा दाखविली, तिचा लाभ पुढच्या पिढीला न मिळणे हा अन्याय होईल.

सर्वप्रथम गर्दी कशाला म्हणावे हे नीट समजून घ्यावे, कारण पुढचे सारे त्यावरच अवलंबून आहे. आपण, आपली पत्नी, दोन मुले, मेहुणा, त्याची बायको, त्यांची तीन मुले, पुण्याहून "चार दिवसांसाठी" येऊन महिनाभर राहिलेली आत्या आणि खालच्या मजल्यावरचे, अगदी घरच्यासारखे असलेले जोडपे मिळून बारा माणसे झाली तरी ते कुटुंब होय. समोरून उतरत येणारी महाविद्यालयातील चार मुले ही मात्र गर्दी. त्यांना पाहताच आपण मुलांना ओढून कडेला घ्यावे, पदर किंवा रुमाल नाकाला लावावा आणि "लोकांना काही कळतच नाही" हे वाक्य त्यांना ऐकू जाईल अशा बेताने उच्चारावे. नात्यातल्या माणसाच्या श्वासातून विषाणू बाहेर पडत नाही, हा सिद्धान्त अद्याप कोणत्याही प्रयोगशाळेत सिद्ध झालेला नसला, तरी आपल्याकडे बारशापासून बाराव्यापर्यंत सर्व कार्यांत तो स्वीकारला गेला आहे.

यानंतर शासकीय आदेश वाचावेत. ते न वाचणे असंस्कृतपणाचे आहे आणि पूर्ण वाचणे अव्यवहारी. जून २०२० मध्ये राज्याच्या 'मिशन बिगिन अगेन'च्या आदेशाने पहाटे ५ ते सायंकाळी ७ या वेळेत चालणे, धावणे, सायकल चालविणे यांस मोकळीक दिली आणि लहान मुलांसोबत मोठी व्यक्ती असावी असे सांगितले. येथपर्यंतचा मजकूर मोबाइलमध्ये जपून ठेवावा. गटाने काही करू नये आणि घराजवळच्या परिसरातच राहावे, हा भाग त्याच आदेशात होता, पण तो ज्यांचे कुटुंब मोठे नाही त्यांच्यासाठी असावा असे समजावे. केंद्राच्या सूचनांत तर ६५ वर्षांवरील व्यक्तींनी आणि १० वर्षांखालील मुलांनी अत्यावश्यक किंवा वैद्यकीय कारणाखेरीज घरीच थांबावे असे म्हटले होते. यावर उपाय अवघड नाही. एसटीत अर्धे तिकीट लागू नये म्हणून जो मुलगा कालपरवापर्यंत पाच पूर्ण होण्यास तयार नव्हता, तो गडाच्या पायथ्याशी पोलीस दिसताच दहाचा होऊ शकतो. मुलांची वाढ या वयात झपाट्याने होते, असे बालरोगतज्ज्ञही सांगतात.

बाहेरगावचे नातेवाईक बोलवावयाचे असल्यास ई-पासची आठवण ठेवावी लागते. २ सप्टेंबर २०२० रोजी राज्याने ती अट काढली, तोवर जिल्ह्याची हद्द ओलांडण्यास सबळ कारण द्यावे लागे आणि निधनाइतके सबळ कारण दुसरे नसे. पुढेमागे तशी अट पुन्हा आली, तर एखाद्या दूरच्या आजोबांना अर्जापुरते स्वर्गवासी करावे. मात्र तेच आजोबा गडावर येणार असतील, तर छायाचित्र काढताना त्यांना मागच्या रांगेत, उंच माणसाच्या आड उभे करण्याचे पथ्य पाळावे.

घरातल्या कोणी सून वा मुलगी शंका काढू लागली, तर पूर्वजांचा दाखला द्यावा. ज्या साथरोग कायद्याखाली २०२० मध्ये आपल्याला घरी बसविले गेले तो १८९७ चा, म्हणजे प्लेगच्या काळातला आहे, आणि त्या प्लेगमध्ये आपले पणजोबा-खापरपणजोबा गाव सोडून माळावर, शेतात झोपड्या बांधून राहिले होते, हे ठणकावून सांगावे. मोकळी हवा हे आपल्या रक्तातच आहे, असा निष्कर्ष त्यातून आपोआप निघतो. घरात उंदीर मरून पडू लागले म्हणून ती माणसे दाट वस्तीतून उठली होती, एकमेकांपासून फटकून राहिली होती, आणि जावयाला, मेहुण्याला व आत्याला जमवून सहलीला गेली नव्हती, हा तपशील चर्चा लांबवितो. तो टाळावा.

आता प्रत्यक्ष चढाई. अजिंक्यतारा शहराच्या डोक्यावर सुमारे तीनशे मीटर उभा आहे आणि त्याच्या दरवाजाजवळपर्यंत डांबरी रस्ता जातो, त्यामुळे 'ट्रेक' हा शब्द वापरण्यास अंगी फारसे बळ लागत नाही. एका गाडीत आठ जणांनी काचा लावून, वातानुकूलन चालू ठेवून वर जावे आणि गाडीतून उतरताक्षणी मोकळ्या माळावर सर्वांनी मास्क चढवावेत. वाऱ्यात मास्क आणि बंद गाडीत मोकळे तोंड, हा क्रम उलटा वाटेल, परंतु गाडीत लोक पाहत नसतात आणि गडावर पाहतात.

मुलांच्या मास्कविषयी केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने जून २०२१ मध्ये सांगितले होते की, पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना मास्क लावू नये आणि सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना झेपेल तर पालकांच्या देखरेखीखाली लावावा. या सूचनेचा अर्थ आपण आपल्या सोयीने उलटवावा. चार वर्षांच्या मुलीने मास्क लावलाच पाहिजे, कारण ती गोंडस दिसते. वडिलांचा मास्क हनुवटीवर असावा, कारण त्यांना सतत आज्ञा द्यावयाच्या असतात आणि कापडाआडून आज्ञेची धार बोथट होते. मुलीचा मास्क पहिल्या वळणावर घामाने भिजतो, दुसऱ्या वळणावर त्याच्या दोरीला गाठ मारून तो आखूड केला जातो, त्यामुळे तिचे कान पुढे वळून पाकळ्यांसारखे उभे राहतात, आणि तिसऱ्या वळणावर तो तिच्या हातात झोळीसारखा लोंबत असून त्यात दोन गारगोट्या, एक करवंद आणि अर्धमेला भुंगा असतो. वर पोहोचल्यावर भुंगा झटकून तोच मास्क पुन्हा तिच्या तोंडावर चढवावा. नियम म्हणजे नियम.

मुख्य दरवाजापाशी थोडे थांबणे अपरिहार्य आहे. चढून आलेली माणसे तेथेच धापा टाकतात, कारण सावली तेथेच असते, आणि धापा टाकणारा माणूस शांत बसलेल्या माणसाहून कितीतरी अधिक हवा आत-बाहेर करीत असतो. दोन बुरुजांच्या मधल्या त्या बोळात आपण मुलांना कडेवर घेऊन उभे राहावे आणि सॅनिटायझरची बाटली बाहेर काढावी. प्रत्येक चिमुकल्या तळहातावर दोन थेंब पडले की मन निर्धास्त होते. हवेतून होणारा प्रसार ही मोठी वाट आणि वस्तूंना हात लागून होणारा संसर्ग ही त्यामानाने अरुंद वाट, हे पुढे स्पष्ट होत गेले, पण हवा बाटलीत धरून पुसता येत नाही आणि बिस्किटाचा पुडा पुसता येतो. म्हणून पुडाच पुसावा. पुसून झाल्यावर तो फोडावा आणि बारा जणांनी त्यात एकेक हात घालावा. पाण्याची बाटली मात्र वेगवेगळी असावी, म्हणजे मोठ्यांची एक आणि मुलांची एक.

डब्याविषयी अधिक सांगण्याची गरज नाही. भाकरी, ठेचा, दही आणि शेवटी कंदी पेढा असला की कुटुंब कोणत्याही साथीत एका ताटाभोवती बसणारच. ज्यांना सहा फुटांवर बसून जेवणे जमते, त्यांच्या घरी काहीतरी बिनसले असावे, असा संशय पाहुण्यांना येतो.

पोट भरल्यानंतर मुलांना इतिहास सांगावा, कारण केवळ फिरावयास आणले असे वाटता कामा नये. औरंगजेबाने १६९९ च्या डिसेंबरात या किल्ल्याला वेढा घातला, १७०० च्या एप्रिलात सुरुंग उडाले, तट कोसळून त्याखाली मोगलांचेच असंख्य लोक गाडले गेले, पुढे किल्ला पडला आणि त्याचे नाव आझमतारा झाले, नंतर ताराबाईंच्या काळात तो परत घेतला गेला आणि अजिंक्यतारा झाला, एवढे सांगितले तरी पुरे. मात्र येथे एक धोका संभवतो. मुले प्रश्न विचारतात. शत्रूने बाहेर वेढा घातलेला असताना आतली माणसे चार महिने काय करीत होती, असे एखाद्या सहा वर्षांच्या मुलाने विचारले आणि आपण बेसावधपणे "आतच बसून होती" असे उत्तर दिले, तर "आणि त्यांचे बाबा त्यांना बाहेर फिरायला नेत नव्हते?" हा पुढचा प्रश्न येतोच. अशा वेळी मंगळाई देवीच्या मंदिराकडे बोट दाखवून विषय बदलावा. देऊळ बंद असल्यास बाहेरूनच नमस्कार करावयास लावावा. २०२० मध्ये राज्यातील मंदिरे पाडव्याला, १६ नोव्हेंबर रोजी उघडेपर्यंत देवांनी घरी थांबण्याचा नियम आपल्याहून कितीतरी काटेकोरपणे पाळला होता.

शाळेचा दिवस असेल तर दौरा रद्द करण्याचे कारण नाही. पहिली ते चौथीचे वर्ग डिसेंबर २०२१ पर्यंत भरलेच नव्हते, तेव्हा शाळा खिशातच होती. गडावर दूरदर्शनचा उंच मनोरा आहे, त्याच्या जवळ गेल्यास मोबाइलला रेंज भरपूर येईल अशी पालकांची दृढ समजूत असते आणि ती खोडून काढण्यात अर्थ नाही. मनोऱ्याच्या दिशेने मुलाला उभे करावे, कॅमेरा बंद ठेवावा आणि बाईंनी हजेरी घेतल्यावर "प्रेझेंट" म्हणावयास लावावे. त्याच वेळी, चार पावलांवर, वडिलांनीही स्वतःच्या कार्यालयाच्या बैठकीत कॅमेरा बंद ठेवून तोच शब्द उच्चारावा. खोटे बोलू नये हे मुलांना शिकविण्याची वेळ आली की आवाज दोन्हीकडे म्यूट आहे ना, एवढे पाहून घ्यावे.

ऑक्सिमीटर अवश्य बरोबर न्यावा. बारा वर्षांवरील बाधित मुलांना सहा मिनिटे चालावयास लावून प्राणवायूचे प्रमाण ९४ च्या खाली जाते का हे पाहावे, असे २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत होते. आपण ही चाचणी बाधित नसलेल्या, पाच वर्षांच्या आणि नखांना आत्याकडून लाल नेलपॉलिश लावून घेतलेल्या मुलीवर करावी. गार पडलेले इवले बोट त्या चिमट्यात मावत नाही, रंगामुळे यंत्राला नीट दिसत नाही, आकडा ८८ येतो, आई रडू लागते, मेहुणा आपल्या बोटावर लावून ९८ दाखवितो आणि "आमच्या मुलांना काही होत नाही, ती मातीत वाढलेली आहेत," असे म्हणतो. दोन्ही घरांत पुढे वर्षभर पुरेल एवढे वितुष्ट केवळ एका बॅटरीवर मिळते. रंग पुसून, बोट चोळून पुन्हा मोजण्याचा सल्ला एखादी समजूतदार बाई देते, पण तिच्याकडे लक्ष देण्याच्या मनःस्थितीत कोणी नसते.

मुलांना गडावर काय करावेसे वाटते, याचा विचार शक्यतो करू नये. त्यांना तळ्याच्या काठावर पालथे पडून पाण्यावरचे किडे पाहावयाचे असतात, आणि एवढ्यासाठी त्यांना ना बारा माणसे लागतात, ना इतिहास, ना छायाचित्रे. ही मागणी मान्य केली, तर आई-बाप आणि दोन लेकरे पहाटे येऊन, कोणाच्याही संपर्कात न येता, तासाभरात उतरून जातील आणि आदेशाचे शब्दशः पालन होईल. असे झाल्यास मेहुण्याला काय वाटेल, याचा आधी विचार करावा.

घरी परतल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी कोणाचा तरी घसा धरतो. त्याला गडावरचा वारा बाधला असे म्हणावे. ताप आल्यास उन्हाचा म्हणावा, चव गेल्यास ठेच्याचा. काढा उकळावा आणि तपासणी शेजाऱ्यांनी आग्रह करीपर्यंत लांबणीवर टाकावी, कारण जिन्याला बांबू बांधले गेले की खालच्या मजल्यावरचे जोडपे घरच्यासारखे राहत नाही. अखेर नाइलाजाने तपासणी झाली आणि आरोग्य कर्मचारी संपर्कात आलेल्यांची यादी मागण्यास दारात उभी राहिली, तर दरवाजाजवळून उतरत गेलेल्या त्या चार मुलांचा उल्लेख सर्वांत आधी करावा, त्यांतल्या एकाला खोकला होता हेही आठवून सांगावे, आणि मेहुण्याचे, आत्याचे व आजोबांचे नाव मात्र घेऊ नये, कारण येत्या रविवारी सर्वांनी मिळून सज्जनगडाला जाण्याचे ठरलेले असते.