‘हा सगळा फुगा आहे’ या कमेंटला उत्तर: उजेड लक्षात ठेवणारी चिप

नमस्कार दादा, एवढी सविस्तर आणि एवढी तिखट कमेंट बऱ्याच दिवसांत आली नव्हती, त्यामुळे दोन ओळींत भागणार नाही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की उजेडाने लिहायची मेमरी, म्हणजे पडलेला उजेड लक्षात ठेवणारी चिप, हा फुगा आहे, 2008 साली एचपीने मेमरिस्टरचा (आपला रेझिस्टन्स लक्षात ठेवणाऱ्या भागाचा) असाच गाजावाजा केला आणि पुढे काही झालं नाही, उजेडाची वेव्हलेंग्थच 400 ते 700 नॅनोमीटर मग असली मेमरी दाटीवाटीने बसवणार कशी, आणि ‘मेंदूसारखी चिप’ हे निव्वळ मार्केटिंग.

वेव्हलेंग्थचा मुद्दा पेनड्राइव्हसाठी शंभर टक्के बरोबर. साध्या लेन्सने उजेडाचा ठिपका त्याच्या फार खाली नेता येत नाही, त्यामुळे उद्या कोणी ही मेमरी लॅपटॉपमध्ये घालतो म्हणाला तर मीपण तुमच्याच बाजूने भांडेन. पण कॅमेऱ्याचं काय? मोबाइलच्या कॅमेऱ्यातला पिक्सेल मायक्रॉनच्या आसपास असतो, तिथे ही अडचण येतच नाही, आणि उजेड तिथे मुद्दाम न्यावा लागत नाही, तो येतोच! माझं म्हणणं एवढंच की या डिव्हाइसला मेमरी चिपच्या मापाने मोजू नका, सेन्सरच्या मापाने मोजा.

हाँगकाँग पॉलिटेक्निक युनिव्हर्सिटीचं 2019 चं काम बघा. मॉलिब्डेनम ऑक्साइडचा थर, एका बाजूला पॅलेडियम धातू, दुसऱ्या बाजूला टचस्क्रीनवर असतो तोच आयटीओ नावाचा पारदर्शक, वीजवाहक थर. अल्ट्राव्हायोलेट (यूव्ही) उजेड पडला की रेझिस्टन्स उतरतो आणि लाइट बंद केला तरी खालीच राहतो, हीच त्याची मेमरी, पुसायचं असेल तर व्होल्टेज द्यायचं. असे 8 बाय 8 डिव्हाइस. त्यावर एखादं गिचमिड अक्षर पाडलं की ठळक पिक्सेल आणखी उठून दिसतात, आजूबाजूचा कचरा मागे पडतो, आणि हे सगळं चित्र न्यूरल नेटवर्ककडे जायच्या आधीच. एरवी काय होतं, प्रत्येक फ्रेमचा सगळा डेटा सेन्सरमधून मेमरीत, मेमरीतून प्रोसेसरमध्ये, आणि वीज बरीचशी या ने-आणीतच जाते.

आता ‘मेंदूसारखी’. या शब्दाचा मलाही कंटाळा आलाय, ‘डोळ्यासारखी’ म्हटलं तर जास्त खरं होईल. आपल्या रेटिनात 10 कोटींच्या वर प्रकाशपेशी आहेत आणि मेंदूकडे जाणाऱ्या नसेत तंतू फक्त 10 लाखांच्या आसपास, म्हणजे छाटणी डोळ्यातच होते. पण निव्वळ मार्केटिंग म्हणणंही बरोबर नाही हो. अशा डिव्हाइसवर लागोपाठ दोन फ्लॅश मारले तर दुसऱ्याला प्रतिसाद जास्त येतो आणि मध्ये वेळ गेला की ती वाढ ओसरते, मेंदूतल्या दोन पेशींमधला जोड, म्हणजे सायनॅप्स, हेच करतो. आणि हे बऱ्याचदा मटेरियलमधल्या दोषांमुळे घडतं, चार्ज दोषात अडकून बसतो म्हणून लाइट गेल्यावरही करंट चालू राहतो. लाइट डिटेक्टर बनवणारे याला वैतागतात. मेलबर्नच्या आरएमआयटी युनिव्हर्सिटीवाल्यांनी तर काळ्या फॉस्फरसचा पृष्ठभाग हवेत ऑक्सिडाइझ होतो, त्याच खोडीचा उपयोग केला, 280 आणि 365 नॅनोमीटरपैकी एका उजेडाने करंट वाढतो, दुसऱ्याने उतरतो.

2008 चं म्हणाल तर एचपी आणि हायनिक्स या कोरियन मेमरी कंपनीने 2013 पर्यंत माल आणू म्हणून सांगितलं होतं, तो आला नाही, कबूल. पण त्याच 2013 मध्ये पॅनासोनिकने त्याच कुळातली ऑक्साइडची रेझिस्टिव्ह मेमरी (रेझिस्टन्सच्या रूपात माहिती साठवणारी) मायक्रोकंट्रोलरमध्ये, म्हणजे उपकरणांतल्या छोट्या कंट्रोल चिपमध्ये, घालून विकायला काढली. छोटी मेमरी, छोटं काम, त्यामुळे बातमी झाली नाही. आणि कमेंटच्या शेवटी ‘आपल्याकडे नुसत्या बातम्या’ असा जो टोला मारलाय, तर बंगळुरूच्या आयआयएससी या विज्ञान संस्थेतून ग्राफीन आणि मॉलिब्डेनम डायसल्फाइडची उजेडावर चालणारी मेमरी 2013 मध्येच प्रसिद्ध झालीये, हाँगकाँगच्या सहा वर्षं आधी.

खरं सांगू, तुमच्या हातून सगळ्यात मोठा आक्षेप सुटला. वरची हाँगकाँग आणि मेलबर्नची दोन्ही डिव्हाइस अल्ट्राव्हायोलेटवर चालतात, साध्या उजेडात नाही. शिवाय एक डिव्हाइस दुसऱ्यासारखं वागेल याची खात्री नाही, 64 मध्ये ते सांभाळून घेता येतं, 1 कोटी पिक्सेलमध्ये कसं घेणार? मला विचाराल तर गाडी अडलीये ती इथे, वेव्हलेंग्थपाशी नाही. तुम्ही फॅक्टरीतल्या इन्स्पेक्शन कॅमेऱ्यांवर काम करता असं लिहिलंय म्हणून विचारतो, तिथे यूव्ही लाइट लावून तपासणी करतात ना? मग अशा जागी 64 च्या ऐवजी साधारण किती पिक्सेल असले तर तुमचं काम भागेल?