वॉल्सॉलचा विजय ही ‘लॉटरी’ नव्हती

लंडनच्या आर्सेनल या बलाढ्य फुटबॉल क्लबाचा विषय निघाला की एक मजकूर हमखास फिरू लागतो. त्याचा गोषवारा असा: १९३३ मध्ये वॉल्सॉल या छोट्या इंग्लिश क्लबाच्या, खोगिरं शिवणाऱ्या हौशी कामगारांच्या, अवघ्या ६९ पौंडांच्या संघाने आर्सेनलच्या राखीव पोरांना धसमुसळेपणाने हरवलं, ती निव्वळ लॉटरी होती, आणि त्यानंतर वॉल्सॉल पुन्हा आपल्या जागी, तळाला गेला. वाचायला गोड आहे. पण यातलं एकच खरं आहे, की वॉल्सॉल जिंकला. बाकीच्या प्रत्येक मुद्द्यावर बोलायला हवं, कारण या गोष्टीत वॉल्सॉलचा तो अख्खा हंगामच गायब झाला आहे.

आधी सामना. १४ जानेवारी १९३३, एफए कप या इंग्लंडमधल्या लहान-मोठ्या क्लबांच्या बाद पद्धतीच्या स्पर्धेची तिसरी फेरी, वॉल्सॉलचं फेलोज पार्क मैदान. निकाल २-०, आणि दोन्ही गोल उत्तरार्धात.

‘राखीव पोरं’ हा शब्द कुठून आला ते समजतं. फ्लू आणि दुखापतींमुळे आर्सेनलचे काही नेहमीचे खेळाडू नव्हते. लेफ्ट-बॅकला, म्हणजे बचावात डावीकडे, एडी हॅपगुडच्या जागी टॉमी ब्लॅक होता. सिडी, वॉर्न्स आणि वॉल्श हेही नेहमीच्या अकरांतले नव्हते. म्हणजे चार जण. उरलेले सात पाहा: गोलमध्ये फ्रँक मॉस, मग जॉर्ज मेल, फ्रँक हिल, हर्बी रॉबर्ट्स, डेव्हिड जॅक, अ‍ॅलेक्स जेम्स आणि क्लिफ बास्टिन. जॅकसाठी आर्सेनलने १९२८ मध्ये १०,८९० पौंड मोजले होते, जेम्ससाठी त्याच्या पुढच्या वर्षी ८,७५०. जॅक, रॉबर्ट्स आणि बास्टिन इंग्लंडकडून, जेम्स स्कॉटलंडकडून खेळून चुकले होते. याला राखीव संघ म्हणायचं तर पहिला संघ कोणता?

आर्सेनलचा मॅनेजर हर्बर्ट चॅपमनने हा सामना हलक्यात घेतला असंही कुणी म्हणू नये. त्याच्या त्यानंतरच्या वागण्यातूनच ते दिसतं. आठवड्याच्या आत ब्लॅकची रवानगी प्लिमथच्या क्लबाकडे झाली, आणि वॉल्शही ब्रेंटफर्ड क्लबाकडे गेला. एका सामन्यापायी या माणसांची कारकीर्द कुठून कुठे गेली, याचं मला आजही वाईट वाटतं. पण बिनमहत्त्वाची हार कुणी एवढी जिव्हारी लावून घेत नाही.

आता ६९ पौंड. हा आकडा म्हणजे संघातल्या खेळाडूंसाठी इतर क्लबांना दिलेली बदलीची रक्कम, त्यांचा पगार नव्हे आणि त्यांच्या खेळाची किंमत तर नव्हेच. त्या काळी इंग्लंडमध्ये पगारावर कमाल मर्यादा होती: हंगामात आठवड्याला ८ पौंड, उन्हाळ्यात ६. हा नियम आर्सेनललाही लागू होता, म्हणून तर जेम्सला लंडनच्या सेल्फ्रिजेस या दुकानात वेगळी नोकरी जोडून द्यावी लागली. म्हणजे मोठ्या क्लबाचं खरं बळ पगारात कमी आणि माणूस विकत घेण्याच्या ताकदीत जास्त होतं. ज्यांच्याकडे ती ताकद नाही ते क्लब पारखून, फुकटात, दुसऱ्याने सोडलेले खेळाडू घेत. पारखून माणसं आर्सेनलनेही घेतली होती: रॉबर्ट्स ऑस्वेस्ट्रीसारख्या छोट्या गावच्या संघातून आला, बास्टिन तिसऱ्या डिव्हिजनच्या एक्झिटरकडून. तिथे ती ‘चॅपमनची नजर’ ठरते, वॉल्सॉलच्या बाबतीत मात्र ‘गरिबी’!

‘हौशी कामगार’ हे तर क्लबाच्या टोपणनावावरून रचलेलं. वॉल्सॉल हे चामड्याच्या आणि खोगिरांच्या धंद्याचं गाव, म्हणून क्लब ‘सॅडलर्स’, म्हणजे खोगिरं करणारे. क्लब मात्र फुटबॉल लीगचा, व्यावसायिक. आणि मंदीच्या त्या वर्षांत लीगच्या सर्वांत खालच्या, तिसऱ्या डिव्हिजनच्या उत्तर विभागात टिकून राहणं सोपं नव्हतं. त्याच विभागातल्या विगन बरो क्लबाने तर १९३१ च्या ऑक्टोबरात, हंगाम अर्ध्यावर टाकून, लीगच सोडली होती.

‘धसमुसळेपणा आणि नशीब’ यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय. वॉल्सॉलचे टॅकल कडक होते, हे मान्य. पण गोल कसे झाले ते पाहा. पहिला गोल कॉर्नरवरून गिल्बर्ट अल्सॉपच्या हेडरने झाला. दुसरा पेनल्टीवर बिल शेपर्डने केला, आणि ती पेनल्टी मिळाली ब्लॅकने अल्सॉपला पाडलं म्हणून. निर्णायक फाउल आर्सेनलचा होता, वॉल्सॉलचा नव्हे. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली असं म्हणावं, तर अल्सॉपचे पुढचे दोन हंगाम तोंड बंद करतात: १९३३-३४ मध्ये लीगमध्ये ४० गोल, १९३४-३५ मध्ये पुन्हा ४०. असा फॉरवर्ड समोर असताना कॉर्नरवर त्याला मोकळं सोडलं, तर गोल होणारच. दुसरीकडे, त्या हंगामात लीगच्या ४२ सामन्यांत ११८ गोल करून विजेतेपद पटकावणाऱ्या संघाला ९० मिनिटांत एकही गोल करता आला नाही. वॉल्सॉलचा बचाव इतका पक्का होता, हे त्या मजकुरात एका शब्दानेही येत नाही.

आणि ‘पुन्हा तळाला’? पुढच्या फेरीत वॉल्सॉल मँचेस्टर सिटीकडे जाऊन ०-२ ने हरला, हे खरं. पण ती सिटी त्या वर्षी थेट अंतिम सामन्यापर्यंत गेली. लीगमध्ये वॉल्सॉल तिसऱ्या डिव्हिजनच्या उत्तर विभागात, २२ संघांत पाचवा आला. वरच्या डिव्हिजनमध्ये फक्त पहिला संघ जायचा, तो मान हल सिटीला मिळाला. त्यामागे रेक्सहॅम, स्टॉकपोर्ट, चेस्टर आणि मग वॉल्सॉल. आजच्यासारखे प्लेऑफ, म्हणजे बढतीसाठी पुढच्या काही संघांतले जादा सामने, तेव्हा नव्हते, त्यामुळे पाचवं स्थान कुणाच्या लक्षात राहत नाही.

फेलोज पार्क वॉल्सॉलने १९९० मध्ये सोडलं. नव्या मैदानावरच्या एका स्टँडला बरीच वर्षं अल्सॉपचं नाव होतं.