परसदाराची कडी काढून ठेवा

ओला कचरा वेगळा, सुका वेगळा, प्लास्टिक वेगळं, ई-कचरा वेगळा. इंदूरकराला सहा प्रकारांचा हिशेब झोपेतून उठवून विचारा, चुकायचा नाही. कचरागाडीचं गाणं ऐकू आलं की रामबागेतले आजोबा चष्म्याच्या आधी डबा शोधतात. इतक्या शिस्तीत जीव गुदमरतो हो माणसाचा. घरात एक तरी जागा अशी हवी, जिथे कुणीही काहीही आणून टाकावं आणि आपण विचारू नये. ती सोय कंप्युटरने केलेली आहे. त्यात एक बॅकडोअर तेवढं बसवून घ्या.

बॅकडोअर म्हणजे जुन्या वाड्याचं परसदार. पुढच्या दाराला पासवर्डाचं कुलूप लटकत असतं आणि मागून कोणीतरी येऊन तुमच्या फाइली चाळतो, काय टाइप करता ते वाचतो, लहर लागली तर आणखी चार सोबती आत घेतो. तसा तो मानी असतो. बहुतेक वेळा बोलावल्याशिवाय येत नाही, म्हणून बोलावणं नीट करा.

सर्वांत खात्रीचा मार्ग फुकट सॉफ्टवेअरचा. इंदूरच्या सराफ्यात रात्री बारा वाजता भुट्ट्याचा कीस, गराडू आणि वर जलेबी एवढं खाताना आपण हिशेब करत नाही, पण सॉफ्टवेअरला पैसे? छे! क्रॅक, म्हणजे कुलूप तोडलेली चोरटी प्रत, शोधा. झिप फाइल उतरेल, तिला पासवर्ड असेल आणि तो पासवर्ड शेजारीच लिहिलेला असेल. मग कुलूप कशाला, असले प्रश्न विचारू नका. कुलूपबंद झिपमध्ये स्कॅनरला डोकावता येत नाही, एवढ्यासाठीच ते असतं. आत रीडमी नावाची फाइल सापडेल. तिची पहिली ओळ: ‘आधी अँटिव्हायरस बंद करा.’ पाहुणा फाटकात उभा राहून म्हणतोय, आधी कुत्रा बांधा. बांधा की! मग विंडोज पडदा काळोखा करून विचारेल, या प्रोग्रामला बदल करू द्यायचे का? इथे भाचा जवळ हवा. ‘मामा, काही नाही होत, येस करून द्या.’ मामा येस करून देतात. आणि सॉफ्टवेअर खरोखर चालू होतं! हीच तर यातली कला. ते चाललं नसतं तर मामांना शंका आली असती.

ज्यांना क्रॅकचा कंटाळा आहे त्यांनी ईमेलवर भिस्त ठेवावी. ‘बिल डॉट पीडीएफ’ अशी फाइल येते. तिचं पूर्ण नाव असतं ‘बिल डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई’, म्हणजे कागद नव्हे, चालणारा प्रोग्राम. पण ओळखीच्या फाइलींचं आडनाव विंडोज मुळातच लपवून ठेवतं, आणि चेहऱ्याला पीडीएफचं चित्र चिकटवलेलं असतं. व्ह्यू मेनूत ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’वर एक टिक केली की सगळं सोंग उघडं पडतं. म्हणून ती टिक चुकूनही करू नका.

अलीकडची पद्धत तर फारच नम्र आहे. एखादी साइट विचारते, तुम्ही रोबो नाही ना? सिद्ध करा: विंडोजची कळ आणि आर दाबा, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर. तुम्ही बटणावर क्लिक केलं तेव्हाच साइटने एक आज्ञा गुपचूप तुमच्या क्लिपबोर्डवर ठेवलेली असते. ती तुम्ही स्वतःच्या हाताने रनच्या खिडकीत चिकटवता आणि चालवता. घरमालकच सामान आत वाहून नेतोय म्हटल्यावर रखवालदार तरी कुणाला अडवणार? बोटांचा हा व्यायाम मागणारा खरा कॅप्चा जगात नाही, पण तुम्ही कशाला त्या खोलात शिरताय.

आत आलेला पाहुणा दिवाणखान्यात बसत नाही. तुमच्या युजर फोल्डरमधल्या ॲपडेटा नावाच्या कोठीच्या खोलीत पथारी टाकतो आणि विंडोजच्याच एका प्रोग्रामचं नाव लावतो, ‘एसव्हीसीहोस्ट’. खरा एसव्हीसीहोस्ट विंडोजच्या सिस्टिम३२ फोल्डरात राहतो, कोठीत नाही, हे कुणाला सांगू नका. रजिस्ट्री म्हणजे विंडोजची सेटिंगांची वही, तिच्यातल्या ‘रन’ नावाच्या नोंदीत तो आपलं नाव घालतो, म्हणजे तुम्ही लॉगिन केलं की तोही उठतो. एवढ्यावर न थांबता टास्क शेड्युलरमध्ये एक काम लावतो, एखादी सर्व्हिस बनवतो. एक दोर कापला तर दुसऱ्याने लोंबकळायचं.

१९९८ साली ‘बॅक ऑरिफिस’ नावाचं बॅकडोअर आलं, तेव्हा ते ३१३३७ या पोर्टवर, म्हणजे नेटवर्कच्या त्या नंबरच्या दारावर, कान देऊन बसायचं, की कोणी बाहेरून हाक मारतंय का. आता बाहेरून येणाऱ्याला घरचा राऊटरच अडवतो. म्हणून आजचा पाहुणा स्वतः आतून बाहेर फोन करतो, तोही बहुधा ४४३ पोर्टवरून, जिथून तुमची बँकेची साइट चालते. ठरावीक वेळाने मालकाला विचारतो, ‘काही काम?’ आतून बाहेर जाणाऱ्याला कोण हटकतो!

सावध राहायचं ते चिकट माणसांपासून. मार्च २०२४ मध्ये उघडकीस आलं की लिनक्सच्या एक्सझेड नावाच्या कॉम्प्रेशनच्या साधनात कुणीतरी दोनेक वर्षं विश्वास कमावून बॅकडोअर पेरलं होतं. अँड्रेस फ्रॉइंड नावाच्या प्रोग्रामरला लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं वाटलं आणि तो हात धुऊन मागे लागला. अर्ध्या सेकंदासाठी! आपल्याकडे फाइल उघडेपर्यंत पोहे खाऊन होतात, तरी कुणी हूं का चूं करत नाही.

तरीही दुर्दैवाने तुम्हाला शंका आलीच, तर पाहुण्याची गैरसोय होणार नाही असं वागा. वायफाय बंद करणं, केबल उपटणं हा सरळ अपमान झाला. बोलणंच तुटलं तर तो राहून करणार काय? उलट त्याच कंप्युटरवरून बँकेत लॉगिन करून शिल्लक बघा. पासवर्ड बदलायचे तर तेही इथेच बदला, नवे त्याला ताजे मिळतील. काही निर्दयी लोक दुसऱ्या, स्वच्छ फोनवरून पासवर्ड बदलतात आणि वर ‘सगळीकडून लॉग आउट’ दाबतात. त्याने पळवलेल्या कुकी, म्हणजे पासवर्डाशिवाय आत सोडणारे पास, तेही मग मेले. पैसे गेले तर १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर लगेच फोन लावू नका. लवकर कळवलं तर रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडकू शकते. आधी नातेवाइकांना विचारा, मग सोसायटीच्या ग्रुपवर विचारा, मग सोमवार बघा.

विंडोज सिक्युरिटीत स्कॅन ऑप्शन्समध्ये अगदी तळाशी ‘डिफेंडर ऑफलाइन’ आहे, विंडोजच्या स्वतःच्या अँटिव्हायरसची तपासणी. त्याला हात लावू नका. मशीन रीस्टार्ट होतं आणि विंडोज जागं होण्याआधी पंधराएक मिनिटं झाडाझडती चालते. पाहुणा गाढ झोपेत असताना त्याची गठडी वळायची, ही काय माणुसकी झाली? त्याआधी डिफेंडरच्या ‘एक्स्क्लूजन्स’ यादीत तर डोकावूच नका. आख्खा सी ड्राइव्ह तिथे ‘तपासू नये’ म्हणून लिहिलेला निघाला तर उगीच मन खट्टू होईल.

मायक्रोसॉफ्टचंच ‘ऑटोरन्स’ फुकट मिळतं. कंप्युटरसोबत आपोआप सुरू होणारं सगळं ते एका यादीत मांडतं. ‘हाइड मायक्रोसॉफ्ट एंट्रीज’ केलं की यादी आखडते, आणि कंपनीची डिजिटल सही नसलेली, कोठीच्या खोलीतून निघणारी नावं डोळ्यांत खुपू लागतात. टिक काढली की ती पुढच्या वेळी उठत नाहीत. तुम्ही मात्र नुसती फाइल डिलीट करा आणि शेड्युलरमधलं काम तसंच राहू द्या. पुढच्या लॉगिनला ते काम तीच फाइल पुन्हा उतरवून आणेल. ‘नेटस्टॅट -एएनओ’ ही आज्ञाही टाळावी. शेवटच्या रकान्यातला आकडा टास्क मॅनेजरच्या डीटेल्समध्ये जुळवला की बाहेर कोण बोलतोय ते कळतं, आणि कळलं की झोप जाते.

२०१७ साली इंदूर स्वच्छतेत देशात पहिलं आलं. त्याच वर्षी सरकारने सायबर स्वच्छता केंद्र काढलं, जिथे कंप्युटर झाडायची साधनं फुकट मिळतात. पहिल्या स्वच्छतेचे फलक चौकाचौकात लागले. दुसरीचं नावही कुणी काढत नाही, आपणही काढू नये.

शेवटचा उपाय जेल रोडवरच्या कंप्युटरच्या दुकानात. खरं तर दुसऱ्या स्वच्छ कंप्युटरवर ८ जीबीचा पेन ड्राइव्ह तयार करायचा, त्यावरून मशीन सुरू करून सगळी पार्टिशन्स उडवायची, आणि बॅकअपमधून फक्त फोटो नि कागदपत्रं परत घ्यायची, ईएक्सई एकही नाही. पण एवढा वेळ कुणाला आहे? सांगून टाका, ‘भिया, सी फॉरमॅट मार दे, डी को हाथ मत लगाना, उसमें सब काम का है.’ संध्याकाळी मशीन घरी येतं, नवंकोरं, लखलखीत, विंडोजही त्याच दुकानातल्या पेन ड्राइव्हवरच्या ॲक्टिव्हेटरने, म्हणजे आणखी एका क्रॅकने, चालू केलेलं. चहा ठेवा. डी ड्राइव्ह उघडा. ‘सेटअप’ नावाचा फोल्डर जिथल्या तिथे आहे, रीडमीसकट. भाच्याला हाक मारा.