नातवंडांसाठी एक दिवाणी दावा

मुलाला फ्लॅट, मुलीला दागिने, मग नातवंडांना काय? मुंबईत चाळीस वर्षं लोकल पकडून निवृत्तीकडे झुकलेल्या माणसाला हा प्रश्न छळतो. माझ्याकडे उत्तर आहे. देवगड-मालवणच्या किनाऱ्यावर एक चिऱ्याचं कौलारू घर घ्या, भोवती दहा-बारा माड आणि हापूसची चार कलमं असू द्या, आणि कागद बघू नका. माड वादळात पडतील, कौलं माकडं फोडतील. दावा मात्र टिकतो.

जागा बघायला मे महिन्यात जा, तेही ओहोटीच्या वेळी. तेव्हा समुद्र सभ्यपणे लांब असतो आणि भरतीरेषा कुणाला आठवत नाही. त्या रेषेपासून जमिनीकडच्या ५०० मीटरच्या पट्ट्यात बांधकामावर १९९१ पासून निर्बंध आहेत, नियम पुढे २०११ आणि २०१९ मध्ये बदलले, खाडीचे काठही त्यात मोडतात. पण असलं काही विचारणाऱ्याला मुळात समुद्राची आवडच नाही, असं मध्यस्थाचं मत होतं. आणि मध्यस्थाचं मत खराब करून कसं चालेल? तुम्ही पडवीत बसा, कोकम सरबत घ्या आणि ‘वाऱ्याला काही तोड नाही हो’ म्हणा. एवढ्यात किंमत दोन लाखांनी वाढते.

मग मध्यस्थ खळ्यात नारळ ठेवून गाऱ्हाणं घालील. ‘बा देवा म्हाराजा, ह्या मुंबयच्या पावण्यांक...’ तुम्हीही सगळ्यांबरोबर ‘व्हय म्हाराजा’ म्हणा. व्यवहार इथेच पुरा झाला असं समजायला हरकत नाही. १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा म्हणतो की शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीची स्थावर मिळकत विकायची तर नोंदणीकृत खरेदीखतच लागतं. शंभर रुपयांत आज नारळ किती येतात ते मालवणच्या बाजारात विचारा, म्हणजे कायदा किती जुना झालाय ते कळेल.

सातबारा? तो घरबसल्या मोबाइलवर बघता येतो, डिजिटल सहीचा हवा तर पंधरा रुपये पडतात. हे पंधरा रुपये वाचवा. बघायचाच झाला तर विकणाऱ्याचं नाव आहे ना, एवढंच बघून घडी घाला. ‘इतर अधिकार’ नावाच्या रकान्याकडे मुळीच जाऊ नका. शेतीकर्ज देणाऱ्या सोसायटीचा बोजा, जमीन कसणाऱ्या कुळाचं नाव, न्यायालयातल्या दाव्याची नोंद अशी सगळी नको ती मंडळी तिथे वस्तीला असतात. ‘भोगवटादार वर्ग-२’ दिसलं तर तो रेल्वेच्या डब्यासारखा काही प्रकार असावा, असं समजून पुढे जा. विकायला सरकारची परवानगी लागते ती त्यालाच, पण ते पुढचं पुढे. आणि जुने फेरफार काढू नका हो! कोण मेलं, कुणी कुणाला काय लिहून दिलं, कुणाचं नाव कुठल्या कागदावरून लागलं, सगळं त्यात असतं. वाचलं की झोप उडते.

सातबाऱ्यावरच्या नावांत दोन-तीन कैलासवासी असतातच. त्यांची भीती बाळगू नये, ते हरकत घ्यायला येत नाहीत. वारसाहक्काने जमीन आली की तीन महिन्यांत तलाठ्याला कळवावं असं महसूल कायदा सांगतो, पण आमच्याच घरी आजोबांना जाऊन एकतीस वर्षं झाली आणि बागेचे मालक अजून तेच आहेत. दरवर्षी म्हाळात त्यांना पान वाढतो, तेव्हा वडील म्हणतात, ‘यंदा वारस नोंद करून टाकूया.’ कावळा शिवतो. नोंद राहते.

आता मुख्य काम, सह्या. समजा, घराचे सहहिस्सेदार अठरा आहेत. त्यातले गावात तीन, डोंबिवलीत सात, एक मस्कतला आणि बाकीचे ‘हत खयतरी’. तुम्ही गावातल्या तिघांच्या सह्या घ्या. पंधरा जणांबद्दल विचारलंत तर थोरला भाऊ छातीवर हात ठेवून म्हणेल, ‘तुमी कित्याक काळजी करतास? मी आसंय मां!’ या वाक्याची नोंदणी कुठल्याही दुय्यम निबंधकाकडे होत नाही, पण ऐकायला फार बरं वाटतं.

विकणाऱ्यांच्या आत्यांचा विषय तर काढूच नका. आत्या गेल्या चतुर्थीला स्वतः म्हणाल्या होत्या की मला माहेरचं काही नको, फक्त मान राखा. चार मोदक खाऊन झाल्यावर, सगळ्या घरासमोर. एवढं असताना नोंदणीकृत हक्कसोडपत्र मागणं म्हणजे आत्यांचा अपमान. हिंदू वारसा कायदा १९५६ चा, मुलींना जन्मतःच मुलांच्या बरोबरीचा हक्क देणारी दुरुस्ती २००५ ची, आणि वडील तेव्हा हयात असण्याची गरज नाही हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २०२० चा. आत्यांना यातलं काही ठाऊक नसतं. आत्यांच्या जावयाला असतं. तो वकील नसला तरी त्याचा एक मित्र असतो.

मग कळतं की तुम्ही घेतलाय तो तीन जणांचा अविभक्त हिस्सा. तोही चालतो म्हणा, विकायला बंदी नाही. फक्त एकत्र कुटुंबाच्या राहत्या घरातला असा हिस्सा परक्याने घेतला, तर त्याला घरच्यांबरोबर त्याच घरात राहायचा ताबा मागता येत नाही. वाटपाचा दावा लावावा लागतो. म्हणजे पैसे तुमचे, पडवी त्यांची.

‘पण घरपट्टी तर त्यांच्याच नावावर आहे!’ शाब्बास. हा प्रश्न तुम्ही विचारलात, म्हणजे आपली वाटचाल बरोबर चालली आहे. ग्रामपंचायतीच्या असेसमेंट उताऱ्यावर घर एकाचं आणि सातबाऱ्यावर खालची जमीन दुसऱ्याची, ही किनाऱ्यावरची जुनी सोय आहे. कधीकाळी कुणीतरी कुणालातरी ‘बांध रे, आपलोच मां तू’ म्हणालेलं असतं. घरपट्टीची पावती कर भरल्याचा पुरावा आहे, मालकीचा नव्हे, हे ज्याला माहीत आहे त्याने गप्प राहावं. पावत्या मात्र वीस वर्षांच्या, नीट तारेत ओवलेल्या असतात. त्या बघून कुणाचंही मन विरघळतं. माझंही विरघळलं होतं.

माड-कलमांसकट घेताय आणि जमीन शेतीची आहे, तर तुम्ही स्वतः शेतकरी असायला हवं, नाहीतर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी. कुंडीत तुळस आहे, हे कारण चालत नाही.

इसार देताना हात आखडू नका. साठेखतावरच ऐंशी टक्के देऊन टाका. साठेखताने मालकी येत नाही, तो नुसता विकण्याचा करार असतो, अशा शंका वकिलांना पोट आहे म्हणून येतात. खरेदीखत सही झाल्यापासून चार महिन्यांत नोंदणीला सादर करायचं असतं. गणपती, शिमगा आणि आंब्याचा हंगाम सोडून सवडीचा दिवस शोधा. मस्कतवाल्याचं कुलमुखत्यारपत्र कुणीतरी दाखवील. मूळ माणूस जिवंत आहे का, हे विचारू नये, अभद्र दिसतं. देणारा गेला की एरवी मुखत्यारपत्रही त्याच्याबरोबर जातं. आणि नुसत्या मुखत्यारपत्रावर घर ‘विकत घेतलं’ म्हणणाऱ्यांना सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच जागं केलंय, पण आपण झोपलेलो बरे.

मोजणीवर खर्च करू नका. हद्दीला गडगा आहे ना! गडगा म्हणजे नुसता दगडांवर दगड, गिलावा नाही, त्यामुळे तो चालतो. दर पावसाळ्यात हातभर. शेजारी म्हणतो डुकरांनी पाडला, मी परत रचला. कुठे रचला ते बघायला तुम्ही ठाण्यात असता. वाटेचंही तसंच. विकणारा ‘वाट आसा’ म्हणतो ते खोटं नसतं, फक्त ती चुलतभावाच्या खळ्यातून, तुळशीला वळसा घालून जाते आणि खरेदीखतात तिचा उल्लेख नसतो. गाडीचं काय, असं विचारलंत तर गाडी देवळाकडे लावायची असते.

तुम्ही विकणारे असाल तर तुम्हाला वेगळं काय सांगायचं. वरचं सगळं तुम्हाला पाठ आहे.

एकदाचं खरेदीखत झालं की तलाठ्याकडे फिरकू नका. न फिरकलात तरी नोंदणी कार्यालयाकडून त्याला कळतंच, मग फेरफाराची नोटीस निघेल, पंधरा दिवसांत हरकती मागवल्या जातील, आणि सही न केलेले ते पंधराच्या पंधरा, ‘हत खयतरी’वाल्यांसकट, एका आठवड्यात सापडतील. डोंबिवलीहून येतील, मस्कतहून व्हॉट्सॲपवर येतील, आत्या जावयाला घेऊन येतील.

पुढे न्यायालयात तारीख पडेल. ती गणपतीनंतर लगेचची मागून घ्या. अठराही जण तेव्हा गावातच असतात आणि परतीच्या गाडीचं तिकीट नसल्यामुळे थांबतातही.