वायूचा दगड होतो, आणि लवकर होतो: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. ‘कार्बन डायऑक्साइड जमिनीत पुरणं ही कोळसा कंपन्यांची पळवाट आहे, आज पुरलेला वायू उद्या वर येणार, त्याचा दगड व्हायला हजारो वर्षं लागणार, आणि आमच्या कोयनेला तर हे नकोच,’ असं तुम्ही लिहिलंत. सविस्तर उत्तर द्यायलाच हवं.

आधी गळती आणि वेळ, कारण तिथे मी तुमच्याशी अजिबात सहमत नाही. आइसलँडमध्ये कार्बफिक्स प्रकल्पाने २०१२ साली हा वायू पाण्यात विरघळवून खोल बेसाल्ट खडकात, म्हणजे काळ्या पाषाणात, सोडला. सोडावॉटरसारखं हे पाणी साध्या पाण्यापेक्षा जड असतं, त्यामुळे ते वर येत नाही. आम्लधर्मी असल्याने ते खडकातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह सुटं करतं आणि त्यांची कार्बोनेट खनिजं बनतात. दोन वर्षांच्या आत ९५ टक्क्यांहून जास्त वायूचं खनिज झालं होतं. निरीक्षण विहिरीतला पंप बंद पडला, तोही कॅल्साइटची, म्हणजे कॅल्शियमच्या कार्बोनेट खनिजाची, पुटं चढून!

हे आपल्याच काळ्या पाषाणाच्या जातीच्या खडकात घडलं. विहिरीच्या डबरात पांढऱ्या खनिजांनी भरलेल्या पोकळ्या तुम्ही पाहिल्या असतील. पांढरं दिसणारं सगळं कॅल्साइट नसतं, बरंचसं झिओलाइट हे वेगळंच खनिज असतं. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला की कॅल्साइट फसफसतं. तो फेस म्हणजे दगडात बांधला गेलेला कार्बन डायऑक्साइडच. आम्लाशिवाय तो सोडवायचा तर सिमेंटच्या भट्टीएवढी धग लागते.

मला जास्त काळजी पाण्याची वाटते. कार्बफिक्सच्या पद्धतीत एक टन वायूमागे साधारण २५ टन पाणी लागतं. जिथे उन्हाळ्यात टँकर फिरतात तिथे कोणी ही योजना आणली, तर विरोध करणाऱ्यांत मीही असेन. अमेरिकेत वॉलुला इथे २०१३ साली सुमारे हजार टन वायू पाण्याशिवाय बेसाल्टमध्ये सोडला आणि नंतर काढलेल्या खडकाच्या नमुन्यांत कार्बोनेट सापडलं, म्हणजे दुसरा मार्ग आहे. कोयनेबद्दल मात्र तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. १९६७ चा ६.३ चा धक्का पाहिलेल्या पट्ट्यात दाबाखाली काहीही सोडू नये.

पळवाटीचं म्हणाल, तर ऑस्ट्रेलियातल्या माउंट कीथ निकेल खाणीचा हिशोब बघा. खनिज काढून उरलेला बारीक गाळ तिथे उघड्यावर पडलेला असतो. त्यातली मॅग्नेशियमची खनिजं हवेतला कार्बन डायऑक्साइड आपसूक बांधतात; खाण चालू असताना वर्षाला सुमारे ४०,००० टन. ही खाणीच्या स्वतःच्या उत्सर्जनाच्या जेमतेम एक-दशांश भरपाई. खाणीचंच भागत नव्हतं, तिथे औष्णिक केंद्रांना कुठली माफी मिळणार? कोळसा कमी करावाच लागेल.

पण खडक आधीच खणून, दळून पडलेला असेल तर वायू बांधायला त्याचा उपयोग न करणं मला पटत नाही. ओडिशात सुकिंदाच्या क्रोमाइट (क्रोमियमचं खनिज) खाणींभोवती मॅग्नेशियमयुक्त खडकाचे ढिगारे आहेत. तिथल्या पाण्यात विषारी क्रोमियमही उतरतं. म्हणून ढिगारा हलवण्याआधी त्यातून झिरपणारं पाणी तपासलं पाहिजे, आणि ते आकडे आसपासच्या गावांच्या हाती आधी पडले पाहिजेत.