‘जुना कॅमेरा गळ्यात मारला’ या तक्रारीला दुकानाकडून उत्तर

नमस्कार सर,

तुमचा अभिप्राय वाचला आणि सोबतचे फोटोही मोठे करून नीट पाहिले. बाकी वाचणाऱ्यांसाठी तक्रार थोडक्यात सांगतो. मुलीला फोटोग्राफी शिकायची आहे, बजेट बेताचं. तुम्ही नवा मिररलेस (आत आरसा नसलेला, नव्या पद्धतीचा कॅमेरा) मागितला, आम्ही वापरलेला निकॉन डी५६०० (आरशाचा डीएसएलआर) दिला आणि वर ५० एमएमची एक लेन्स ‘खपवली’. मुलीने मैत्रिणीच्या नाचाचे फोटो काढले तर ते हललेले आणि दाणेदार आले, शेजारच्या माणसाच्या मोबाइलवर त्याहून बरे आले. जास्त मेगापिक्सेलचा नवा कॅमेरा असता तर असं झालं नसतं, असं तुमचं म्हणणं आहे.

तुम्ही एक तारा दिलात, तो तुमचा हक्क. पण शेवटी तुम्ही लिहिलंय की आपल्याला हे जमणार नाही असं ठरवून मुलीने कॅमेरा कपाटात ठेवून दिलाय. ते वाचून राहवलं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

एका फोटोची मूळ फाइल तुम्ही आम्हाला मेलवर पाठवली होती. कॅमेरा कोणत्या सेटिंगवर होता ते फाइलमध्येच नोंदलेलं असतं. त्यात दिसतं ते असं: ऑटो मोड, १८-५५ ची किट लेन्स (कॅमेऱ्यासोबत येणारी झूम) ५५ वर, अॅपर्चर (लेन्सचं तोंड; एफचा आकडा लहान तितकं ते जास्त उघडं) एफ ५.६, शटर (उजेड आत येण्याचा वेळ) १/३० सेकंद, आयएसओ (उजेडाची संवेदनक्षमता; वाढवली की दाणे वाढतात) ६४००. आता तो फोटो पुन्हा उघडा आणि आधी मुलीकडे न बघता मागच्या पडद्याकडे बघा. पडद्याच्या चुण्या स्पष्ट आहेत. नाचणाऱ्या मुलीचा जमिनीवर टेकलेला पायही स्पष्ट आहे. फक्त हात आणि वेणीचं टोक फराटा मारल्यासारखं पसरलंय. कॅमेऱ्याचा फोकस चुकला असता तर पाऊलही धूसर आलं असतं. तुमच्या मुलीचा हात हलला असता तर पडदाही हलला असता. १/३० सेकंदात नाचणारीचा हात वीतभर पुढे जातो, एवढंच त्या फोटोत झालंय. म्हणजे फोकस बरोबर लागला होता आणि कॅमेराही स्थिर धरला होता. नवशिक्या मुलीने अंधाऱ्या सभागृहात १/३० वर पडदा एवढा स्वच्छ आणला, याचं मला कौतुक वाटलं. तिला हे जरूर सांगा.

‘लेन्समध्ये स्टॅबिलायझेशन आहे म्हणाले होते, तरी फोटो हलले’ असंही तुम्ही लिहिलंय. स्टॅबिलायझेशन सावरतं ते फोटो काढणाऱ्याच्या हाताचं थरथरणं. समोरचा माणूस हलत असेल तर त्याचा काही उपयोग नाही, तिथे शटरच वेगवान लागतं. आणि शटर वेगवान केलं की उजेड कमी पडतो. सगळी अडचण इथे आहे. ती ५० ची लेन्स याच कामासाठी दिली होती.

किट लेन्स ५५ वर नेली की एफ ५.६ पेक्षा जास्त उघडत नाही. ५० ची लेन्स एफ १.८ पर्यंत उघडते. ती एफ २ वर ठेवली तरी ५.६ च्या आठपट उजेड आत येतो. आठपट उजेड म्हणजे त्याच आयएसओवर शटर १/३० ऐवजी साधारण १/२५०. आणि ५५ वर काढलेल्या चौकटीत आणि ५० वर काढलेल्या चौकटीत फरक अगदीच किरकोळ. म्हणजे त्याच खुर्चीवरून, त्याच दिव्यांत, जवळपास तीच चौकट, पण हात गोठल्यासारखा स्पष्ट. अभिप्रायात तुम्ही म्हणता की ती लेन्स अजून डब्यातच आहे, कारण ‘तिच्यात झूम नाही’. सर, तुमच्या पैशांतली सगळ्यात कामाची वस्तू डब्यात पडून आहे.

दाण्यांचंही सांगतो. त्या फोटोत चेहरा पांढराफटक पडलाय. मागे सगळा काळोख असला की कॅमेरा एकूण दृश्य उजळ करायला जातो आणि दिव्याखालचा चेहरा जळतो. तिथे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो किती उजळ हवा ते कमी-जास्त करायची सेटिंग) उणे १ केलं असतं तर चेहऱ्याचा रंग टिकला असता आणि आयएसओ ६४०० ऐवजी ३२०० वर भागलं असतं. दाणे आपोआप कमी.

पुढच्या वेळी तिला एवढंच करायला सांगा: ५० ची लेन्स, डायल एस वर (शटर आपण ठरवायचं), शटर १/२५०, आयएसओ ऑटो, कॉम्पेन्सेशन उणे १, फोकस एएफ-सी वर (हलत्या माणसामागे फोकस सतत फिरत राहतो). अॅपर्चर कॅमेरा स्वतः उघडेल. एक गोष्ट मात्र लक्षात असू द्या. लेन्स इतकी उघडली की फोकसची खोली कमी होते. सहा मीटरवरून साधारण मीटरभर खोली मिळते. एकटी नाचणारी असेल तर ती भरपूर झाली, पण मागेपुढे दोन रांगा असतील तर एकच रांग स्पष्ट येईल. कुठली, ते तिने ठरवायचं. फोटोग्राफी शिकणं इथूनच सुरू होतं असं मला मनापासून वाटतं.

मोबाइलच्या फोटोबद्दल. मोबाइल एकाच वेळी अनेक फोटो घेऊन ते एकत्र करतो आणि दाणे पुसून टाकतो, म्हणून छोट्या पडद्यावर तो गुळगुळीत, छान दिसतो. तुम्ही टाकलेला तो फोटो मोठा करून केसांकडे बघा. बटा वेगळ्या दिसत नाहीत, एकसंध काळा रंग फासल्यासारखं दिसतं. मी मोबाइलला नावं ठेवत नाहीये. भर उन्हातले, घरच्या मंडळींचे, जवळून काढायचे फोटो मोबाइल उत्तम काढतो. ज्यांना तेवढंच हवंय त्यांना आम्ही कॅमेरा घेऊच नका असं सांगून परत पाठवतो. तुमच्या मुलीला शिकायचं होतं, म्हणून तिला तसं सांगितलं नाही.

मेगापिक्सेलचं म्हणाल, तर डी५६०० चे २४ मेगापिक्सेल म्हणजे ६००० गुणिले ४००० ठिपके. १२ बाय १८ इंचांचा प्रिंट उत्तम दर्जाने काढायला ५४०० गुणिले ३६०० लागतात. फोरके टीव्हीचा अख्खा पडदा ८ मेगापिक्सेलच्या आसपास भरतो. हललेला हात ४५ मेगापिक्सेलमध्ये काढला तरी हललेलाच येणार, फक्त फाइल जड होणार.

आता मुख्य आरोप, जुनं देण्याचा. डी५६०० हे २०१६ चं मॉडेल आहे, हे तुम्हाला आधीच सांगितलं होतं. कंपन्यांचा सगळा भर आता मिररलेसवर आहे, हेही सांगितलं होतं. नवा मिररलेस चांगलाच असतो. डोळा ओळखून फोकस करतो, फोटो किती उजळ येणार ते व्ह्यूफाइंडरमध्ये (डोळा लावून बघायच्या खिडकीत) आधीच दिसतं, व्हिडिओही सरस. मुलीला मुख्यतः व्हिडिओ करायचे असते तर मीच तुम्हाला तिकडे वळवलं असतं. पण तुम्ही सांगितलेल्या रकमेत नवा मिररलेस आणि त्याची छोटी किट झूम, इतकंच बसत होतं. दुसऱ्या लेन्सला काही उरत नव्हतं. त्या किट झूम पुढे नेल्या की एफ ५.६ किंवा ६.३ वर थांबतात. म्हणजे नवाकोरा कॅमेरा घेऊनही त्या सभागृहात मुलगी याच अडचणीत सापडली असती, आणि डब्यात दुसरी लेन्सही नसती. शिकणाऱ्याचं बजेट कमी असेल तर बॉडीवर (नुसत्या कॅमेऱ्यावर) वाचवावं आणि लेन्सवर घालवावं, हे माझं ठाम मत आहे.

वापरलेली वस्तू तुम्हाला डोळे झाकून दिलेली नाही. पांढऱ्या भिंतीचा एफ १६ वर फोटो काढून सेन्सरवर डाग नाहीत हे तुमच्यासमोर दाखवलं. टॉर्च मारून लेन्समध्ये बुरशी नाही हे दाखवलं. शटर १३,००० वेळांच्या आसपास चाललंय हे बिलावर लिहिलंय. या वर्गातली शटर साधारण १,००,००० क्लिकच्या हिशेबाने बनवलेली असतात.

पुढे कधी तिने स्वतः वापरलेली लेन्स घेतली तर तिच्यावर एएफ-एस किंवा एएफ-पी (म्हणजे लेन्समध्येच फोकसची मोटर) लिहिलंय ना ते बघून घ्या. डी५६०० च्या बॉडीत फोकसची मोटर नसते, त्यामुळे स्वतःची मोटर नसलेल्या जुन्या एएफ-डी लेन्स बसतात पण फोकस हाताने करावा लागतो. आणि निकॉनच्याच मिररलेसवर जायचं ठरलं तर ही ५० ची लेन्स एफटीझेड अडॅप्टर (या लेन्स मिररलेसवर बसवायचा जोड) लावून ऑटोफोकससकट चालते. त्यामुळे ते पैसे वाया जात नाहीत.

बॅग मिळाली नाही या तक्रारीबद्दल: ती कॅमेऱ्याच्या किटमध्ये नव्हती. ती वेगळी घ्यावी लागेल, हे बिल करताना बोललो होतो.

कॅमेरा परत करायचा असेल तर बिलावर छापलेल्या मुदतीत आणा, वाद न घालता परत घेऊ. पण त्याआधी एक विनंती आहे. एखाद्या संध्याकाळी मुलीला घेऊन या. दुकानातले अर्धे दिवे बंद करू, आमच्यातला कोणीतरी हातवारे करत समोर उभा राहील, आणि ती दोन्ही लेन्सने फोटो काढून स्वतः बघेल. येताना ५० ची लेन्स डब्यासकट आणा आणि बॅटरी चार्ज करून ठेवा.